गाण्याचा क्रमांक आणि गाणारीचे नाव

(स्मृतिव्याख्यानमालेत चंद्रपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 धानाची कामे आटोपून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली माणसे केवळ ऐकण्यासाठी इथे जमतात, याहून चांगले स्मारक दुसरे नाही.

आजचा विषय वरवर पाहता हलका वाटेल. कोवळ्या वयाची एखादी गायिका संथ, उदास गाणे गाते, ते बघता बघता लाखोंच्या ओठी बसते आणि लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाते. असे का होते? तो क्रमांक कोण मोजतो? आणि जिथवर मोजणारा पोचतच नाही त्या आपल्या मुलखात चांगल्या गाणाऱ्या मुलीचे पुढे काय होते? मला खरे बोलायचे आहे ते तिसऱ्या प्रश्नावर. पहिले दोन त्याची वाट मोकळी करण्यासाठी घेतले आहेत.

अलीकडचे उदाहरण घेऊ. ८ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेत ऑलिव्हिया रॉड्रिगो या सतरा वर्षांच्या मुलीचे ‘ड्रायव्हर्स लायसन्स’ हे गाणे आले. डॅन नीग्रो या संगीतकाराच्या साथीने ते तिनेच लिहिले होते. गाडी चालवायचा परवाना हाती आला आहे. पण ज्याच्या घरी जायचे म्हणून त्याची ओढ होती तो मुलगा आता दुसरीचा झाला आहे, आणि ही एकटीच त्याच्या रस्त्यावरून गाडी नेते आहे. एवढाच विषय. सुरुवातीला पियानो आणि आवाज, बाकी फारसे काही नाही. ‘बिलबोर्ड हॉट १००’ या यादीत हे गाणे थेट पहिल्या क्रमांकावर उतरले आणि सलग आठ आठवडे तिथून हलले नाही.

यात नवल वाटते ते वयाचे. पण ही यादी ४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाली तेव्हा अगदी पहिल्याच यादीत पहिल्या क्रमांकावर कोण होते? ‘पुअर लिटल फूल’ गाणारा रिकी नेल्सन, वय अठरा. आणि ते हळवे गाणे लिहिणारी शॅरन शीली, तीही अठराचीच. १९६० साली ब्रेंडा ली या पंधरा वर्षांच्या मुलीने ‘आय ॲम सॉरी’ गायले. एवढ्याशा मुलीने हरलेल्या प्रेमाचे गाणे म्हणावे हे लोकांना पटेल का, या शंकेने कंपनीने ते काही महिने रोखून धरले. शेवटी बाहेर आले आणि पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे कोवळा गळा आणि उदास गाणे यांची जोडी नवी नाही. मोठ्यांना तिची भीती वाटते, ऐकणाऱ्यांना कधीच वाटली नाही.

एवढ्या लहान वयात दुःख कुठून कळते, असे आपण सहज म्हणून जातो. आपल्या गावातल्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे जरा बघा. आषाढात ती आईच्या बरोबरीने चिखलात उभी राहून रोवणा करते. मे महिन्यात पहाटे उठून तेंदूपाने तोडायला जाते आणि दुपारी मुडे बांधत बसते. हिवाळा सरता सरता तिचे आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेले, तर मागे धाकट्या भावंडांची आई तीच होते. लग्न होऊन लांब गेलेल्या मैत्रिणीची आठवण तिला येते, शाळा सुटल्याची सल तिच्या मनात असते. तिच्या गळ्यात कारुण्य आले तर ते उसने नसते. मोठ्या माणसाने दुःखाला मुरड घालायला शिकून घेतलेले असते. कोवळ्या आवाजात ती मुरड अजून पडलेली नसते. ऐकणाऱ्याला भिडतो तो हा सरळपणा.

आता आपल्या मराठी मातीतल्या एका मुलीकडे येतो. २४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले, तेव्हा त्यांची थोरली लेक लता बारा वर्षांची होती. पाठीवर चार भावंडे. त्याच वर्षी ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी तिचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि चित्रपटातून गाळले गेले. ‘पहिली मंगळागौर’मध्ये तिने लहानशी भूमिका केली. चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायकांचा आधार मिळाला, तोही १९४७ साली त्यांच्या निधनाने गेला. मुंबईत शशधर मुखर्जींसारख्या जाणत्या निर्मात्याला तिचा आवाज फार बारीक वाटला. संगीतकार गुलाम हैदर यांनी मात्र या आवाजाचे मोल ओळखले आणि ‘मजबूर’मध्ये तिला गायला लावले. ते १९४८ साल होते.

पुढच्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश यांचे, शब्द नक्शब जारचवी यांचे. त्यातले ‘आएगा आनेवाला’ हे गाणे. त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी लताची विशी पुरी झालेली नव्हती आणि पडद्यावर ते ज्या मधुबालेच्या तोंडी होते ती अवघी सोळा वर्षांची होती.

हे गाणे कसे मुद्रित झाले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पडद्यावर आवाज दुरून येतो, हळूहळू जवळ येतो, आणि नायक त्याच्या मागे धावतो. आज हा परिणाम यंत्रावरचे एक बटण फिरवून साधता येतो. तेव्हा तशी सोय नव्हती. मायक्रोफोन खोलीच्या मधोमध उभा केला गेला. लताने एका कोपऱ्यातून गायला सुरुवात करायची, गाता गाता एकेक पाऊल टाकत पुढे यायचे, आणि सुरुवातीचा ठेक्याविनाचा भाग संपून मुखडा येतो नेमक्या त्या क्षणी मायक्रोफोनसमोर पोचायचे. सूर हलता कामा नये, श्वास तुटता कामा नये, पावलाचा आवाज येता कामा नये. जमले नाही की पुन्हा कोपऱ्यात. तिने हे चालणे अनेकदा केले. त्या गाण्यातली हुरहुर आपण कवितेच्या आणि चालीच्या खात्यावर टाकतो, ते योग्यच आहे. पण त्यात एका मुलीची ती मोजलेली पावलेही आहेत.

गाणे गाजले, रेडिओवर वाजू लागले. पण तबकडीवर गाणारीचे नाव काय छापले होते? कामिनी. म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे नाव. तेव्हा तीच रीत होती: गाणे पात्राचे, पात्र नटीचे, आणि जिच्या गळ्यातून ते आले ती कुठेच नाही. ही रीत मोडली ती श्रोत्यांनी. ही गाणारी कोण, अशी विचारणा रेडिओकडे सुरू झाली, पत्रांवर पत्रे गेली. रेडिओने तबकडी काढणाऱ्या कंपनीला विचारले आणि मग लता मंगेशकर हे नाव उच्चारले गेले. पार्श्वगायकांची नावे ठसठशीतपणे पुढे येण्याच्या कामी ‘महल’च्या श्रोत्यांचा वाटा मोठा आहे. पुढची लढाई लताबाईंनी स्वतः लढली. फिल्मफेअर पारितोषिके १९५४ साली सुरू झाली, त्यांत पार्श्वगायनाला जागा नव्हती. गायकाला पारितोषिक नसेल तर समारंभात मी गाणार नाही, असे त्यांनी बजावले. १९५९ साली ते पारितोषिक सुरू झाले आणि पहिले ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी त्यांनाच मिळाले.

‘आएगा आनेवाला’ला पहिला क्रमांक देणारी यादी तेव्हा नव्हतीच. ती पुढे आली. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून अमीन सायानींनी ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली. त्या काळी बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताच्या कळकळीने त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळपास दार लावले होते, आणि म्हणून श्रोते सिलोनकडे वळले. दर बुधवारी रात्री आठला घरोघरी आणि हॉटेलाहॉटेलांत माणसे रेडिओभोवती बसत. तिथला क्रमांक ठरे तो तबकड्यांच्या दुकानांतल्या खपावरून आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या कौलावरून. म्हणून झुमरी तलैयासारखे कोपऱ्यातले गाव देशभर माहीत झाले. त्या गावची माणसे पत्रे लिहीत, एवढेच त्याचे कारण.

गीतमालेकडून मी एवढे शिकलो की क्रमांक हा गाण्याचा गुण नव्हे. तो मोजण्याच्या रीतीचा परिणाम आहे. ज्याच्याकडे तबकडी घ्यायला पैसा त्याचे मत मोजले गेले. ज्याला पत्र लिहिता येत होते त्याचेही मोजले गेले. बिलबोर्डने आधी विक्री, रेडिओ आणि ज्यूकबॉक्स मोजले, पुढे इंटरनेटवरचे ऐकणे मोजले, २०१३ पासून यूट्यूबही धरले. आपल्याकडे २००८-०९ मध्ये ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ने घराघराला वेड लावले. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. नागपुरात जन्मलेली आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत ही मुले घरचीच वाटू लागली. तिथे कौल एसएमएसने घेतला जाई. ज्या गावात मोबाइलला रेंज नव्हती त्या गावाला कितीही आवडले तरी त्याचा कौल पोचायचा कसा?

आता चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, चांदा म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेला. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, पण घरी रेडिओ असणे ही इथे बराच काळ मोजक्यांची गोष्ट होती. आजही पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. अशा गावांत गाणे पोचते ते मोबाइल दुकानातून. आठवडी बाजाराला आलेला तरुण काउंटरवर मेमरी कार्ड ठेवतो, दुकानदार संगणकातून त्यात गाणी भरून देतो, आणि तेच कार्ड पुढे गावभर फिरते. रोवण्यावर, ट्रॅक्टरवर, लग्नाच्या मांडवात ते गाणे हजार वेळा वाजते. त्यातले एकही ऐकणे कुठल्याच यादीत जमा होत नाही. बिलबोर्डने २०२२ साली भारतासाठी स्वतंत्र यादी काढली. इथल्या मेमरी कार्डांचा हिशेब तिलाही लागणार नाही.

पण म्हणून इथे लोकप्रियता मोजलीच जात नाही असे नाही. आपली मोजणी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर होते. भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, लेकी माहेरी येतात, पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत मंच उभा राहतो. वडशाहून कंपनीची गाडी येते. वडसा म्हणजे देसाईगंज, या रंगभूमीची राजधानी. तिथल्या भिंती हंगामात नाटकांच्या फलकांनी भरून जातात. लोक तणसीवर चादर टाकून बसतात, कडेला शेकोट्या पेटतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक उजाडेपर्यंत चालते. मंचाच्या पुढ्यात ऑर्गन आणि तबला. आताशा ऑक्टोपॅडही आला आहे. गाणी नटनटीच गातात, तिथल्या तिथे.

रात्री दोनचा सुमार असतो. थंडी अंगात शिरलेली, मुले आयांच्या मांडीवर झोपलेली. नाटकातल्या मुलीला घराबाहेर काढले आहे आणि ती एकटी मंचावर उभी राहून गाणे सुरू करते. वय सोळा-सतरा असेल. पहिल्या कडव्याला मागचे बोलणे थांबते. दुसऱ्याला म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावतात. गाणे संपते आणि काळोखातून आरोळी येते, ‘वन्स मोअर!’ मग दुसरी, मग सारी बांधी. ऑर्गनवाला पुन्हा सूर धरतो, मुलगी पुन्हा गाते. कुणी उठून मंचापाशी जातो, बक्षीस देतो. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले जाते.

कुणाचे? बक्षीस देणाऱ्याचे.

मी हे कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. देणाऱ्याचा मान राखावा ही आपली जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. पण गाणारीचे नाव, गाणे लिहिणाऱ्याचे नाव, चाल बांधणाऱ्याचे नाव फार वेळा त्याच बांधीत राहून जाते. नाटकाचे नाव लक्षात राहते, खलनायकाचा संवाद लक्षात राहतो, गाण्याची चाल तर वर्षभर गुणगुणली जाते. ती कुणाची, हे विचारले तर उत्तर येते, ‘अमक्या कंपनीतली ती पोरगी.’

या रंगभूमीची दखल घेतली जाते आहे. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांना आपल्याच घरात आनंद झाल्यासारखे वाटले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी उभे आयुष्य वेचले. दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यप्रकारांवर लिहिले गेले. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी ‘स्वरानंदवन’ उभे केले आणि ज्यांना घरादाराने टाकले होते त्यांना गाण्याने मंचावर मान मिळवून दिला. हे सगळे मोठे काम आहे. गाण्याची, आणि विशेषतः मुलींच्या गाण्याची नोंद त्या मानाने अगदी थोडी आहे.

भामरागड-एटापल्लीकडच्या गोंडांच्या रेला गाण्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे एकजण ओळ टाकतो आणि सारी रांग ती उचलते. मुलगे विचारतात, मुली उत्तर देतात. त्या गाण्याचा धनी सारा गाव असतो, त्यावर एकाच नावाचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. पण गावाचे नाव, गाणाऱ्यांची संमती आणि गाण्याचा प्रसंग यांची नोंद तर करता येते. व्हेरियर एल्विन या अभ्यासकाच्या बरोबरीने शामराव हिवाळे या मराठी माणसाने १९३५ साली मैकल टापूतल्या गोंडांची गाणी ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ या पुस्तकात इंग्रजीत आणली. नव्वद वर्षांपूर्वी पायी हिंडून ते होऊ शकले. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे.

आणि विदर्भाला गाजलेल्या गाण्याचा वारसा नाही असेही नाही. १९३०च्या दशकाच्या आरंभी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता नागपुरात शिकलेल्या ग. ना. जोशी यांनी गायली. कवी आणि गायक दोघेही विशीतले तरुण. त्या तबकडीने मराठी भावगीताला घरोघर नेले. आज नव्वद वर्षांनी आपण दोघांचीही नावे घेतो, कारण ती तबकडीवर आणि पुस्तकात लिहिली गेली. नावे लिहिली गेली की टिकतात. न लिहिली गेलेली दोन पिढ्यांत पुसली जातात.

म्हणून चार गोष्टी मागतो.

नाटक कंपन्यांना माझी विनंती आहे की फलकावर गायिकेचे, गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव छापा. नटाच्या छायाचित्राखाली एक ओळ वाढली तर छपाईचा खर्च वाढत नाही. बक्षीस पुकारताना देणाऱ्याच्या आधी घेणारीचे नाव घ्या.

जे तरुण मोबाइलवर नाटकातली गाणी टिपून इंटरनेटवर टाकतात त्यांना सांगतो: गाणारीला विचारून टाका आणि खाली तिचे नाव लिहा. त्यातून पैसा येत असेल तर त्यात तिचा वाटा आहे. २०१२ साली आपला कॉपीराइट कायदा सुधारला आणि व्यावसायिक वापरातून येणाऱ्या मानधनात गीतकार, संगीतकार आणि सादर करणारे कलावंत यांचे हक्क त्यात स्पष्ट झाले. आपल्या मुलींना हे कुणीतरी सांगितले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलीचा करार असेल तर तो पालकांसमोर आणि लेखी असावा.

पालकांना आणि गावच्या मंडळांना सांगतो: नाटकाचा हंगाम आणि दहावी-बारावीच्या परीक्षा एकाच वेळी येतात. रात्रभर गाऊन सकाळी पेपरला बसणारी मुलगी आपल्या करमणुकीची फार मोठी किंमत देत असते. तिला त्या महिन्यात सुटी द्या. गळा आणि शिक्षण दोन्ही तिचेच आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांवर दोन्हींची राखण करण्याची जबाबदारी येते.

आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला, आपल्या महाविद्यालयांना सांगतो: तुमच्याकडे याच गावांतून मुले-मुली शिकायला येतात. त्यांना एका हंगामाची वही द्या. आपल्या गावच्या मंडईत कोणते नाटक झाले, कोणत्या गाण्याला वन्स मोअर मिळाला, ते कुणी लिहिले, कुणी बांधले, कुणी गायले, एवढेच टिपून आणायला सांगा. दहा वर्षांत झाडीपट्टीची स्वतःची गीतमाला उभी राहील, आणि तिच्यातला क्रमांक इथल्याच माणसांनी ठरवलेला असेल.

मुंबईतली ती मुलगी, लता, अजोड होती, यात वाद नाही. पण तिचे नाव आधी विचारले ते पत्र लिहिणाऱ्या साध्या श्रोत्यांनी. समीक्षक आणि पारितोषिके मागाहून आली. ते काम आपल्यालाही करता येते आणि त्याला ना पैसा लागतो ना रेंज. पुढच्या मंडईत गाणे आवडले तर वन्स मोअर जरूर द्या. त्याच आवाजात गाणारीचे नाव विचारा, आणि घरी गेल्यावर ते लिहून ठेवा.